मुळशीच्या पावसात बंद खोलीतला गांजा: दमट हवा, बुरशी आणि कायदा

बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या प्रवाशाच्या बॅगेत ‘हायड्रोपोनिक गांजा’ सापडला, ही बातमी आता नेहमीची झाली आहे. थायलंडने 9 जून 2022 रोजी गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि तिथे उघड दुकानं थाटली गेली. जून 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली.

हायड्रोपोनिक म्हणजे मातीऐवजी पोषक द्रव्यं मिसळलेल्या पाण्यावर वाढवलेलं झाड. बातम्यांमध्ये मात्र दिव्याखाली, बंद खोलीत पिकवलेल्या कुठल्याही गांजाला हेच नाव चिकटतं. त्यातूनच सोशल मीडियावर प्रश्न येतो: बाहेरून आणायचा कशाला, एखाद्या फार्महाऊसवर दोन कुंड्या ठेवल्या तर काय बिघडलं?

पहिली अडचण हवेची. मुळशी तालुक्यातल्या ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये 24 तासांत 550 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याच्या निम्म्याहून अधिक, एका दिवसात! या भागात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरी येते. झाड स्वतः पानांतून पाणी हवेत सोडत असतं, त्यामुळे बंद खोली बाहेरच्यापेक्षा दमट होते. गांजाचं फूल घट्ट, गच्च असतं. ओल आत अडकली की करडी बुरशी धरते, आणि ती आतून सुरू होत असल्याने उशिरा दिसते. हीच बुरशी द्राक्षघड आणि पॉलिहाऊसमधले गुलाबही कुजवते. तिला रोखायला हवा कोरडी करणारी यंत्रं, एसी, पंखे रात्रंदिवस चालवावे लागतात. मग वाढतं वीजबिल आणि बाहेर फेकलेल्या हवेचा वास, दोन्ही लपत नाहीत.

बुरशी लागलेला माल फेकला जाईलच असं नाही. काळ्या बाजारात तपासणी कोण करणार? कॅलिफोर्नियात कायदेशीर गांजाचीही अ‍ॅस्परजिलस बुरशीसाठी चाचणी सक्तीची आहे, कारण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या फुप्फुसात ती गंभीर संसर्ग करू शकते. ‘ऑरगॅनिक’, ‘प्रीमियम’ ही लेबलं इथे निरर्थक आहेत.

दुसरी अडचण कायद्याची, आणि गैरसमज इथेच सगळ्यात जास्त आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात 1 किलोपेक्षा कमी गांजा ‘अल्प प्रमाण’ मानला जातो, 20 किलोपेक्षा जास्त ‘व्यावसायिक’. अल्प प्रमाण बाळगल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते; म्हणजे तेही माफ नाही. पण ही वजनाची पायरी लागवडीला लागूच होत नाही. कलम 20 नुसार झाड लावणं हा वेगळा गुन्हा आहे: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. एक कुंडी असो की शंभर, कलम तेच. किती शिक्षा द्यायची ते न्यायालय ठरवतं.

उत्तराखंडात हेम्पची शेती चालते, हे उदाहरण हमखास दिलं जातं. ती धागा आणि बियांसाठी, सरकारी परवान्याने, नशेचा घटक अत्यल्प असलेल्या वाणांची असते. फार्महाऊसमधल्या कुंडीशी तिचा संबंध नाही.

मुळशीत बंगले, फार्महाऊस भाड्याने देणारे अनेक आहेत. त्यांच्यासाठी कलम 25 महत्त्वाचं: आपली जागा अशा कामासाठी जाणूनबुजून वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा मालकालाही होऊ शकते. ‘जाणूनबुजून’ होतं की नाही, यावरच मग न्यायालयात वाद होतो, आणि तोवर मालकाला चौकशीला तोंड द्यावं लागतं.