बॅकअप आहे हो, पण परत येतो का?

"बॅकअप घेतलाय ना?" असं कुणी विचारलं की आपण सगळेच मान डोलावतो. आमच्या ग्रुपनेही डोलावली होती. फायनल इयर प्रोजेक्टचा रविवारी फुल बॅकअप आणि सोमवारपासून रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या रात्रीनंतर जेवढं बदललं तेवढंच. मेसमधून जेवून येईपर्यंत काम खल्लास! त्यामुळे शुक्रवारी रूम पार्टनरच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली तेव्हा खरं तर आम्ही घाबरलोही नाही.

घाबरलो ते रिस्टोर करताना. इन्क्रिमेंटलची साखळी असते. आधी रविवारचा फुल, मग सोमवार, मंगळवार, असं क्रमानेच उलगडावं लागतं. आमची बुधवारची फाइल करप्ट निघाली. गुरुवारची उघडली, पण तिच्यात फक्त गुरुवारी बदललेल्या फाइल्स. बुधवारी बदलून पुढे ज्यांना हात लावला नाही, त्या जुन्याच अवतारात परत आल्या. अर्धा कोड नवा, अर्धा जुना. कंपाइल कसला होतोय! वर आठवड्यात डिलीट केलेल्या फाइल्सही जिवंत होऊन बसल्या. टारमध्ये उलगडताना इन्क्रिमेंटलचा ऑप्शन दिला तर तो त्या काढून टाकतो, असं मॅन्युअलमध्ये आहे. पण मॅन्युअल वाचतो कोण?

बुधवारची सेन्सर रीडिंग्ज पुन्हा घेण्यात लॅबमध्ये दोन रात्री गेल्या. लॅब असिस्टंट काकांनी किल्ली दिली म्हणून निभावलं.

आपण विद्यार्थी म्हणून गाफील, असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्हर्जनच्या घोळामुळे होतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हत्या. सुमारे ६ तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने लाज राखली. मधल्या ६ तासांचा डेटा गेला तो गेलाच.

म्हणून "बॅकअप घ्या" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. प्रोजेक्ट रिव्ह्यूमध्ये गाइड सरांनी स्लाइड्स मोजण्याऐवजी लॅबमधला एक रिकामा पीसी द्यावा आणि म्हणावं, करा रिस्टोर! दहा मार्क त्याला ठेवा. कुणी म्हणेल, गिट आहे की. आहे ना, पण रीडिंग्ज, डेटासेट, रिपोर्टच्या आकृत्या आपण त्यात टाकतो कुठे? साखळीची भीती वाटत असेल तर डिफरन्शियल घ्या. त्यात दर वेळी फुलनंतरचं सगळं येतं, रिस्टोरला दोनच फाइल्स लागतात. जागा जास्त खातो, खाऊ दे.

आणि सर, मॅडम, रागावू नका, पण इंटर्नल मार्कांची ती एक्सेल शीट शेवटची कधी रिस्टोर करून पाहिली होती?