पीळ कुठे हरवतो?

बहिणींनो, लेकीच्या ओढणीसाठी मी टकळीवर एरी रेशीम कातायला घेतलं. हे आसामचं रेशीम. त्याच्या कोषाचं एक तोंड उघडं असतं, तंतू सलग नसतो, म्हणून तो उकलत नाहीत, कातावाच लागतो. दोन महिन्यांत बरंच सूत झालं. धाकटी जाऊ म्हणाली, "भाभी, हे तर मशीनचं वाटतं!" मीही फुशारले. विणकराने ताणा लावला आणि धागे पटापट सुटू लागले. तुटत नव्हते, नुसते निसटत होते. म्हणजे पीळ कमी.

गंमत अशी, की सुरुवातीचं सूत पक्कं होतं. घोळ पुढे झाला. कुकडी भरत जाते तशी टकळी जड होते आणि तेवढ्याच गिरकीत हळू फिरते. आपला हात मात्र सवयीने त्याच वेगाने तंतू ओढत राहतो. डोळ्यांना काही कळत नाही, कारण जाडी तीच असते. आता मी कुकडी अर्धी झाली की उतरवते.

दुसरी युक्ती नमुन्याची. पहिला मनासारखा धागा हातभर घ्या, मधोमध दुमडून सैल सोडा. तो स्वतःभोवती वळतो. तसाच पुठ्ठ्यावर बांधून ठेवा. मग दर चार-पाच वेळा गुंडाळल्यावर ताजा धागा तसाच दुमडून त्याच्याशी ताडून पाहा. ताजाच हवा हं! रात्रभर कुकडीवर राहिलेलं सूत निजल्यासारखं होतं, त्याचा पीळ असूनही दिसत नाही. मी आधी सकाळी उठून तपासायची आणि उगाच जास्त पीळ घालून गुंते करून घ्यायची.

पीळ बारीक जागेकडे धावतो, जाड जागा पोकळ राहते. म्हणून तंतू सारखा ओढला गेला पाहिजे. रेशमाचे तंतू कापसाहून लांब, तेव्हा दोन्ही हातांत अंतर जास्त ठेवा, नाहीतर तंतू सुटतच नाहीत. भांडी घासून खरखरीत झालेल्या बोटांना रेशीम अडकतं. आधी साखर आणि खोबरेल चोळून हात धुवा.

सैल सूत मी टाकलं नाही. बाण्याला ताण कमी पडतो, तिथे ते चाललं. ताण्याचं नव्याने कातते आहे, पुठ्ठा समोर ठेवून.