आवक-जावक रजिस्टर आणि कॉम्प्युटरचा पेपर

आमच्या शेजारची मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. वडील हमाली करतात. 'डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम' या एका पेपरात ती मागे राहिली. आता पुन्हा फी भरून बसायचे आहे. परवा गाईड घेऊन आली. "काका, पाठ करते, पण डोक्यात शिरूनच नाही राह्यलं." मी बी.कॉम. झालेला कारकून. म्हटले, इंग्रजी बाजूला ठेव, मराठीत सांग.

तिने सांगितले, कॉम्प्युटर अनेक, जागा वेगवेगळ्या, पण वापरणाऱ्याला सगळे मिळून एकच वाटावेत. म्हणजे रेल्वेच्या रिझर्वेशनची खिडकी! दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ पर्यंत एकमेकांना जोडली गेली, तेव्हा दुसऱ्या केंद्राच्या गाडीचेही तिकीट आपल्या खिडकीवर मिळू लागले.

तिचे घोडे अडले होते लॅम्पोर्टच्या घड्याळापाशी. लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने ते १९७८ साली मांडले. दूरदूरच्या कॉम्प्युटरांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. मग आधी काय घडले, नंतर काय, हे ठरवायचे कसे? मला आमचे आवक-जावक रजिस्टर आठवले. समजा, प्रत्येक कचेरी आपल्या प्रत्येक नोंदीला पुढचा नंबर देते. आम्ही २५ वर आहोत आणि मंगरूळपीरहून ४० नंबरचे पत्र आले. त्याला २६ दिला, तर पत्र निघण्याआधीच पोचले असे दिसेल! म्हणून थेट ४१ द्यायचा. दोन्हींतला मोठा आकडा घ्या, त्यात एक मिळवा. एवढेच ते घड्याळ.

"मग नंबर लहान ते आधी घडलं?" तिने विचारले. मी होच म्हणणार होतो. तोवर तिनेच पाठकोऱ्या कागदावर एकमेकींशी पत्रव्यवहार नसलेल्या दोन कचेऱ्या काढल्या. कारंज्याची नोंद ३, रिसोडची ७. आधीची कोणती, हे नंबरावरून सांगताच येत नाही. हीच ओळ गाईडमध्ये होती, आणि तिला ती तोंडपाठ होती!

'टू-फेज कमिट' तिच्या आईने सोडवले. दीक्षाभूमीला जायला जीप ठरवायची. सगळे हो म्हणाले तरच निघायचे, एकही नाही म्हणाला तर बेत रद्द. पाचही घरे हो म्हणाली आणि विचारणाराच गायब झाला. आता ना निघता येते, ना शब्द मागे घेता येतो. या अडकण्यावरच तिचे मागच्या वेळचे गुण गेले होते.

रविवारी ती जुना पेपर घड्याळ लावून, हाताने पूर्ण लिहिणार आहे. आमच्या घरी, कारण तिच्याकडे टीव्ही बंद होत नाही.