साक्ष दिल्यानंतर

26 नोव्हेंबर 2008च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावरील दहशतवादी हल्ल्यात नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पायात गोळी घुसली. पुढच्या वर्षी ती कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि तिनं हल्लेखोर कसाबला ओळखलं. एवढं आपल्याला आठवतं. पुढे भीतीपोटी नातेवाईक दुरावले, शाळेत प्रवेश मिळणं अवघड झालं, घरासाठी तिला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, हे कितीजणांना ठाऊक आहे?

जखम भरते. पण फटाका वाजला की छातीत धडधडतं, झोप उडते, ठरावीक रस्ता टाळला जातो. आणि ‘त्या वेळी तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न, बरेचदा घरातूनच आलेला, सगळ्यांत खोल रुततो. मग माणूस स्वतःलाच आरोपी ठरवू लागतो.

महाराष्ट्रात 2013 पासून बलात्कार आणि अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांसाठी आर्थिक मदत देणारी ‘मनोधैर्य’ योजना आहे. पैसा लागतोच, उपचारांना तर फारच. पण तारखेमागून तारीख पडत असताना सोबत कोर्टाच्या बाकावर बसणारं कुणीतरीही लागतं.

या अंकात आम्ही हल्लेखोरांविषयी मुद्दाम कमी लिहिलं आहे. ज्यांनी सोसलं त्यांना बोलू दिलं. ते जिथे थांबले, तिथे आम्हीही थांबलो.