ज्यूरी गेली, साक्षीदार राहिला

यंदाच्या अंकाचा विषय ‘न्याय’ ठरला, तेव्हा सणासुदीला कोर्टकचेरी कशाला, असं आमच्यातल्याच काहींनी विचारलं. हळदीचे किती पैसे वसमतच्या तारखांवर जातात, हे हट्ट्यात कुणाला सांगायला नको. विषय बदलला नाही.

1908 साली मुंबईत टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीत नऊ जण, त्यातले सात युरोपीय. ‘केसरी’तले मराठी लेख त्यांनी इंग्रजी भाषांतरातून जोखले आणि सात विरुद्ध दोन असा कौल दिला. शिक्षा सहा वर्षांची. ती ज्यूरी आपल्याला अजून सलते.

1959 च्या नानावटी खटल्याची गोष्ट मात्र आपण चवीनं सांगतो. नौदल अधिकाऱ्यानं पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. झटापटीत रिव्हॉल्व्हर उडालं, हा बचाव. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला. मेला तेव्हाही कमरेचा टॉवेल जागेवरच होता. झटापटीत तो राहिला असता? ज्यूरीतल्या नऊपैकी आठ जणांना हा प्रश्न अडला नाही, त्यांनी निर्दोष असा कौल दिला. बाहेर ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटीला डोक्यावर घेतलं होतं. सेशन्स जज्ज मेहतांना मात्र कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. तिथे जन्मठेप झाली, 1961 ला सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. (1964 ला राज्यपालांनी माफी दिली, ते वेगळं.) एका ज्यूरीनं आपला माणूस आत टाकला, दुसरीनं आवडता माणूस सोडला, पक्षपाती आपल्याला पहिलीच वाटते!

1973 च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. दडपण उरलं. ते साक्षीदारावर आलं. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत 2002 साली 14 माणसं मारली गेली. साक्षीदार फिरले आणि 2003 ला सगळे 21 आरोपी सुटले. सुप्रीम कोर्टानं फेरखटला महाराष्ट्रात चालवायला लावला. 2006 ला मुंबईत न्यायाधीश अभय ठिपसे यांनी नऊ जणांना जन्मठेप दिली. पुढे हायकोर्टात त्यातले पाच सुटले. मुख्य साक्षीदार झाहिरा शेख मुंबईतही उलटली. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिलाच वर्षाची कैद झाली.

खेड्यात तर साक्षीदाराचा आणि आरोपीचा बांध एकच असतो. साक्ष देऊन संध्याकाळी त्याच रस्त्यानं घरी यायचं. सुप्रीम कोर्टानं 2018 ला साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. तीत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती सांगितली आहे. तिच्याकडे अर्ज कसा करायचा, ते वकील मंडळींकडून लिहून घेऊन शेवटच्या पानावर छापलं आहे. तिथे आधी जाहिरात येणार होती.