हात, जीभ आणि कायदा

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यालगत ओलांद नावाचे बेट आहे. त्या बेटावरील बोर्गहोल्म या लहानशा गावात ओके ग्रीन या पेन्टेकोस्टल पंथाच्या धर्मोपदेशकाने २००३ सालच्या जुलै महिन्यात एक प्रवचन दिले. बायबलमधील वचनांचा आधार घेऊन त्याने समलिंगी संबंधांचा निषेध केला आणि समाजशरीरातील कर्करोगाच्या गाठीची उपमा त्यांना दिली. समाजातील एखाद्या गटाविषयी तुच्छता पसरविणे हा स्वीडनमध्ये गुन्हा आहे, आणि त्याच वर्षाच्या आरंभापासून त्या गुन्ह्याच्या व्याख्येत समलिंगी व्यक्तींचाही समावेश झाला होता. २००४ साली कालमार येथील जिल्हा न्यायालयाने ग्रीनला एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. पुढे २००५ च्या फेब्रुवारीत वरिष्ठ न्यायालयाने त्याला मुक्त केले आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने दिलेले कारण मोठे बोलके आहे. देशाच्या कायद्याप्रमाणे पाहिले तर ग्रीनचे शब्द गुन्ह्याच्या कक्षेत येतात. परंतु मानवी हक्कांविषयीच्या युरोपीय कराराने धर्मस्वातंत्र्याची व अभिव्यक्तीची जी हमी दिली आहे, तिच्यापुढे ही शिक्षा टिकणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

ग्रीनची मते आम्हाला मान्य नाहीत. माणसांच्या एका समूहाच्या जीवनाला रोगाची उपमा देणे हे माणुसकीला धरून नाही. पण येथे प्रश्न प्रवचन चांगले की वाईट, हा नव्हे. आपल्या धर्मग्रंथाचा आपल्याला उमगलेला अर्थ आपल्या श्रोत्यांना सांगणाऱ्या माणसास तुरुंगात धाडण्याचा अधिकार शासनाकडे असावा काय, हा खरा प्रश्न आहे. द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्यांची चर्चा निघाली की एक पक्ष म्हणतो, या कायद्यांनी धर्मस्वातंत्र्याचा गळा आवळला जाईल. दुसरा म्हणतो, धर्माच्या नावाखाली चाललेल्या विषारी प्रचाराला आळा घालायलाच हवा. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा असतो. मात्र एकाच नावाखाली वावरणाऱ्या दोन अगदी भिन्न प्रकारच्या कायद्यांची गल्लत ते करीत असतात.

पहिला प्रकार हाताला शासन करणाऱ्या कायद्याचा. १९९८ च्या जून महिन्यात अमेरिकेतील टेक्सास राज्यात जॅस्पर येथे जेम्स बर्ड या कृष्णवर्णीय माणसाला तिघा गोऱ्यांनी मोटारीच्या मागे साखळीने बांधून फरफटत नेऊन ठार मारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वायोमिंग राज्यातील लॅरामी येथे मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याला मरणप्राय मारहाण करून कुंपणाला बांधून ठेवण्यात आले. काही दिवसांतच तो दगावला. या दोघांच्या नावाने झालेल्या कायद्यावर अध्यक्ष ओबामा यांनी २८ ऑक्टोबर २००९ रोजी स्वाक्षरी केली. वंश, धर्म, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व इत्यादी कारणांवरून एखाद्याला शारीरिक इजा करणे, किंवा शस्त्राने तशी इजा करण्याचा प्रयत्न करणे, हा त्या कायद्याचा विषय आहे. हे विधेयक काँग्रेसपुढे असताना, उद्या पाद्र्यांना प्रवचनाबद्दल बेड्या पडतील, अशी हाकाटी काही ख्रिस्ती गटांनी केली होती. कायद्याचा मजकूर पाहता ती भीती अनाठायी होती. त्याला मारणाऱ्या हाताशी कर्तव्य आहे, बोलणाऱ्या जिभेशी नाही. शिवाय अभिव्यक्तीला व धर्माचरणाला असलेले घटनात्मक संरक्षण त्यात निराळे नमूद केलेले आहे.

मग द्वेषाच्या हेतूसाठी शिक्षा वाढविणे म्हणजे विचाराला शिक्षा करणे नव्हे काय? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु केवळ कृतीकडे पाहून शिक्षा ठरत नाही. लुटीसाठी केलेला खून आणि असह्य छळाला कंटाळून केलेला खून यांना न्यायाधीश एकाच मापाने मोजत नाही. शिवाय, जातीमुळे वा धर्मामुळे एका माणसाला मारले की त्या जातीची, त्या धर्माची हजारो माणसे रात्री दाराला दुहेरी कडी घालून झोपतात. हानी मोठी म्हणून शिक्षा मोठी, हा न्याय सरळ आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली विस्कॉन्सिन राज्याच्या खटल्यात अशी वाढीव शिक्षा एकमताने ग्राह्य ठरविली. आणि त्याच न्यायालयाने २०११ साली, इराकमध्ये मरण पावलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीजवळ द्वेषाचे फलक नाचविणाऱ्या कॅन्ससमधील एका चर्चच्या बाजूने आठ विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला. त्या मंडळींचे वर्तन किळसवाणे होते. पण ते सार्वजनिक जागी उच्चारलेले मत होते, म्हणून त्याला संरक्षण मिळाले. हाताला कठोर शिक्षा आणि जिभेला मोकळीक, या दोन्ही गोष्टी एकाच देशात नांदू शकतात, हे यावरून दिसते.

दुसरा प्रकार जिभेला शासन करणाऱ्या कायद्याचा. स्वीडनचा कायदा या जातीचा. तो प्रथम झाला १९४८ साली, नाझींच्या भीषण कृत्यांची स्मृती ताजी असताना. त्यामागील कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ब्रिटनने धार्मिक द्वेषाविषयी असा कायदा करावयास घेतला तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. तेथे धर्मप्रचारक आणि रोवन अ‍ॅटकिन्सनसारखा विनोदी नट हे एकाच बाजूला उभे राहिले. एकाला दुसऱ्याचा धर्म खोटा म्हणण्याची मुभा हवी होती, दुसऱ्याला सर्वच धर्मांची थट्टा करण्याची. २००६ च्या जानेवारीत कॉमन्स सभागृहात सरकारचा दोनदा पराभव झाला, दुसऱ्यांदा तर अवघ्या एका मताने. परिणामी कायदा झाला तो केवळ धमकीवजा आणि हेतुपुरस्सर द्वेष चेतविणाऱ्या शब्दांपुरता. धर्मावरील टीका, उपहास, किंबहुना निंदा यांनाही त्यात स्पष्ट अभय आहे.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडील जिभेवरचा कायदा जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. १९२४ साली लाहोरच्या एका प्रकाशकाने प्रेषित महंमद यांच्याविषयी एक अवमानकारक पुस्तिका काढली. त्या वेळच्या कायद्यात हा गुन्हा बसत नाही, असा निर्णय लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ साली देताच मोठा क्षोभ उसळला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दंडसंहितेत कलम २९५-अ घालण्यात आले. कायदा झाला म्हणून क्षोभ शमला नाही. १९२९ साली त्या प्रकाशकाचा खून झालाच. मध्यवर्ती विधिमंडळातील चर्चेच्या वेळी, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना आणि इतिहासाच्या अभ्यासकांना या कलमाचा फटका बसू नये, असे महंमद अली जिना यांनी बजावले होते, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. १९५७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले, पण ते जाणूनबुजून, दुष्ट बुद्धीने केलेल्या अवमानापुरतेच आहे, असे सांगून. १९६१ साली त्याची शिक्षा दोन वर्षांवरून तीन वर्षांवर गेली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा जुन्या दंडसंहितेची ओळख बदलली. हे कलम मात्र २९९ हा नवा क्रमांक घेऊन तसेच राहिले.

या कलमाच्या जन्मानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, आपल्या महाराष्ट्रात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. कुणाच्या तरी भावना दुखावल्या, एवढीच जर गुन्ह्याची कसोटी मानली, तर त्या दिवशी महाडला घडलेल्या कृत्याइतके कसोटीस उतरणारे दुसरे कृत्य सापडणार नाही. शेकडो वर्षे पवित्र मानलेला ग्रंथ जाणूनबुजून जाळण्यात आला; भावना दुखाव्यात, माणसे हादरावीत, हाच त्यामागचा हेतू होता. आणि ज्या ग्रंथाच्या आधाराने माणसांना पाण्यापासून दूर ठेवले जात होते, त्याला अग्नी दिल्यावाचून त्या अन्यायाचे स्वरूप समाजाला दिसणारही नव्हते. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली तीही कुणाला गुदगुल्या करण्यासाठी नव्हे. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने बाबासाहेबांच्या हिंदू धर्मातील कूटप्रश्नांविषयीच्या लिखाणाचा खंड प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातील राम-कृष्णांविषयीच्या परिशिष्टावरून केवढे वादळ उठले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. भावनांना न्यायाधीशाच्या आसनावर बसविले असते, तर महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा अर्धा इतिहास आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करावा लागला असता.

यावर कोणी म्हणेल, न्यायालये विवेकी आहेत, ती निरपराध माणसाला सोडतात. सोडतात हे खरे, पण केव्हा? हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. न्यायालयाने खटला दाखल करून घेण्यासाठी सरकारची पूर्वसंमती लागते. पण फिर्याद नोंदविण्यास वा अटक करण्यास ती लागत नाही. म्हणजे ज्याला त्रास द्यावयाचा त्याला पोलीस ठाण्याचे दार दाखविणे सोपे, आणि पुढे खटला चालवावयाचा की नाही, हे ठरविणार त्या त्या वेळचे सरकार. ज्या शिक्षकाला वर्गात धर्मसुधारणेचा इतिहास शिकवावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने अखेरचे निर्दोषत्व हे दूरचे सुख असते. तो सुज्ञपणे तो धडा घाईने आटोपतो. कायद्याने कोणालाही शिक्षा न करताच आपले काम साधलेले असते.

शब्द निरुपद्रवी असतात, असा आमचा दावा नाही. १९९४ साली रवांडात एका रेडिओ केंद्राने तुत्सी जमातीला झुरळे म्हणून हिणविले, मारावयाच्या माणसांची नावे व ठिकाणे सांगितली, आणि ऐकणाऱ्यांनी कोयते उचलले. असे बोलणे मत राहत नाही; तो कटाचाच एक भाग होतो आणि त्याला कठोर शासन झालेच पाहिजे. ही सीमारेषा आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही आखून दिली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ २०१५ साली रद्दबातल करताना चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने सांगितल्या आणि कायद्याचा हात तिसऱ्या पायरीवरच पडावा असे म्हटले. त्याचप्रमाणे, चारचौघांत एखाद्या माणसाला त्याच्या जातीवरून अपमानित करणे आणि एखाद्या सिद्धान्तावर प्रहार करणे, यांतही भेद आहे. पहिल्याचा बळी समोर उभा असलेला दुबळा माणूस असतो, दुसऱ्याचा लक्ष्यविषय विचार असतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धचा १९८९ चा कायदा त्या माणसाच्या पाठीशी उभा राहतो, हे योग्यच आहे.

तेव्हा आपल्याकडे उणीव आहे ती हाताला आवरण्याच्या बाबतीत. नव्या संहितेतील कलम १०३ मध्ये, वंश, जात, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनाची स्वतंत्र तरतूद प्रथमच झाली, हे स्वागतार्ह आहे. तिची अंमलबजावणी आरोपीचा आणि मृताचा धर्म न पाहता व्हावयास हवी. उलट, दुखावलेल्या भावनांचे कलम जिना यांनी सुचविलेल्या मर्यादेत आणि १९५७ च्या निर्णयाच्या चौकटीत काटेकोरपणे बंदिस्त करावयास हवे. निदान सरकारची संमती अटकेच्या आधी घेतली जावी, एवढी सुधारणा तरी अवघड नाही.

या कलमाचा सर्वांत मोठा आग्रह धार्मिक मंडळींचा असतो. त्यांनी बोर्गहोल्मच्या त्या धर्मोपदेशकाची आठवण ठेवावी. प्रत्येक धर्म इतरांच्या दृष्टीने काही ना काही कटू बोलतच असतो. एकाचा उपदेश हा दुसऱ्याला अवमान वाटू शकतो. आपल्या भावना जपण्यासाठी शासनाच्या हाती दिलेली काठी उद्या आपल्याच प्रवचनकाराच्या पाठीवर पडू शकते, कारण काठी धरणारा हात दर निवडणुकीला बदलतो. ज्या श्रद्धेला पोलिसांच्या आधाराची गरज नाही, तीच श्रद्धा खऱ्या अर्थाने निर्भय आहे. शासनाने माणसाचे रक्षण करावे. देवाच्या रक्षणाचा भार त्याने आपल्या शिरावर घेऊ नये.