वास्तुशास्त्र नको, ओळंबा लावा!

भूगाव, पिरंगुट, हिंजवडी. मुळशीच्या या पट्ट्यात आपली अनेक पोरं घराण्यात पहिल्यांदाच फ्लॅट घेत आहेत. वीस वर्षांचं कर्ज, आईचे मोडलेले दागिने. आणि घर पाहायला जाताना हातात काय? मोबाईलमधलं होकायंत्र, ईशान्य शोधायला! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तरी हे करू नये.

आमचं म्हणणं आहे, गवंड्याची थैली न्या. ओळंब्याचा वरचा लाकडी तुकडा भिंतीला लावा. खालचं वजन भिंतीला जेमतेम टेकलं पाहिजे. दाबलं गेलं किंवा लांब राहिलं, तर भिंत ओळंब्यात नाही. फरशीवर नाणं ठोका, पोकळ वाजलं तर खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, बघा. टॉर्च भिंतीलगत आडवा धरला की रंगाखालचे फुगवटे दिसतात. टेपने कार्पेट एरिया मोजा. ओल मोजायचं मीटरही मिळतं, पण मुळशीत खरं मीटर म्हणजे पाऊस. घर मे महिन्यात पसंत करा, टोकन जुलै बघून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, रुंद भेग गेली असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा.

ही हत्यारं आपल्याच घरात आहेत. तीस वर्षं गवंडीकाम केलेल्या बापाला घरी ठेवून, एजंटच्या शब्दावर टोकन देणारा पोरगा आम्ही पाहिलाय. कारण काय, तर सॅम्पल फ्लॅटमध्ये बाप शोभणार नाही! ही लाज कुणी शिकवली?

भिंतीइतकीच खालची जमीनही तपासा. तिचं हत्यार सात-बारा आणि जुने फेरफार. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द झाली. जमिनी वतनदारांना परत मिळाल्या, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत, या अटीवर. म्हणून 'भोगवटादार वर्ग २' किंवा 'इतर अधिकार' रकान्यात वतनाचा शेरा दिसला, तर आधी परवानगीचा आदेश मागा. आदेश दाखवत नसतील तर टोकन देऊ नका. आणि ज्यांचं ते वतन होतं, ते कुटुंब आज गावात कुठे राहतं, त्यांच्या हातात किती पैसे पडले, हेही विचारून या.